घड्याळ कोणाचे?

वेळेचा प्रश्न निघाला की आम्हांस प्रथम मुंबईच्या गिरण्या आठवतात. १ जानेवारी १९०६ पासून तेथे भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे. काटे पुढे सरकले, म्हणजे कामगाराने सूर्याच्या हिशेबाने तितके आधी फाटकाशी उभे राहावयाचे! त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीचे कामगार याविरुद्ध उठले. आपलेही सूर्याचे घड्याळ प्रमाणवेळेच्या मागेच आहे. नांदेडचे सुमारे २१ मिनिटे, लातूरचे सुमारे २४. आपण ते विसरलो, इतकेच.

फाटकावरचे घड्याळ फक्त फाटकाची वेळ सांगते. लातूरच्या एका कारखान्यात, एस. टी. उशिरा आली म्हणून खेड्यातल्या कामगारांचा अर्धा दिवस कापला जाई. आम्ही भांडून दहा मिनिटांची सवलत मिळविली. पण आधीच्या पाळीचा माणूस तेवढा वेळ यंत्रापाशी अडकून पडू लागला, हे आमच्या ध्यानी आले नाही. तो तक्रार घेऊन आला तेव्हा आम्ही निरुत्तर झालो.

हाच पेच मोबाईलवरील लढाईच्या खेळात आहे, हे आम्हांस नांदेडच्या पोरांनी दाखविले. तेथे फाटकाचे घड्याळ सर्व्हरकडे. नांदेडच्या मुलाला पडद्यावर दिसणारा शत्रू क्षणभरापूर्वीचा असतो, आणि त्याने गोळी झाडल्याची वर्दीही उशिराच पोचते. सर्व्हरने आपल्याच वेळेने निवाडा केला, तर अचूक नेमही वाया जाणार. यावरचा उपाय व्हॉल्व्ह कंपनीचे यान बर्नियर यांनी २००१ साली एका निबंधात सविस्तर मांडला. सर्व्हरने प्रत्येकाच्या अलीकडच्या जागांची नोंद ठेवावी. वर्दी येताच, उशीर किती झाला ते मोजून सर्वांना तितके मागे नेऊन पाहावे, आणि मग निकाल द्यावा. व्हॉल्व्हच्या पुढील ‘सोर्स’ यंत्रणेत अशी नोंद एका सेकंदाची असते.

हा न्याय खरा. परंतु तेवढ्यात भिंतीआड गेलेला गडी भिंतीआडच मरतो! बर्नियर यांनीही हा दोष लपविला नाही. उशीर नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याच्या माथी जातो. म्हणून मागे जाण्याला मर्यादा हवी, आणि ती आधी सर्वांना ठाऊक हवी.

पुढच्या करारात आम्ही दोन कलमे एकत्र मागितली: येणाऱ्याला दहा मिनिटांची सवलत, आणि थांबणाऱ्याला त्या दहा मिनिटांची मजुरी.