क्लिक थ्री ते खिशातला डिजिटल : बडोद्याच्या घरांतले कॅमेरे आणि फोटोमागची नावं



आपल्या या पानावर जुने फोटो येतात. गणपतीची मिरवणूक, कुणाची मुंज, दांडिया बाजारातला एखादा वाडा, सुरसागरच्या काठावर उभी असलेली चार-पाच पोरं. फोटो आला की खाली पहिला प्रश्न ठरलेला : "यात कोण कोण आहेत?" १९६० चा फोटो असला तर बहुधा कुणीतरी सांगतं, कारण मागे शाईनं नावं लिहिलेली असतात. २००७ चा असला तर मात्र सगळे गप्प. साठ वर्षांहून जुना फोटो बोलतो आणि काल-परवाचा मुका राहतो, हे असं का झालं? त्यासाठी आपल्या घरांत कोणकोणते कॅमेरे आले आणि ते आपण कसे वापरले, ते जरा क्रमानं बघू या. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे हिशेबाची भाषा मध्येच येईल, ती चालवून घ्या.

आमच्या आजोबांच्या पिढीला कॅमेरा घरात नव्हताच. फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेला पडदा, बाजूला नक्षीची तिपाई, पुरुष पगडीत, बायका नऊवारीत. एका कुटुंबाचे आयुष्यात चार-पाच फोटो व्हायचे. त्यामुळे प्रत्येक फोटो भिंतीवर टांगला जायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून "हे आमचे थोरले काका" असं सांगितलं जायचं. नावं पाठ व्हायची.

घरात पहिला कॅमेरा आला तो बहुतेकांच्या बाबतीत आग्फा क्लिक थ्री. आणि यात आपण बडोदेकरांनी जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही, कारण हा कॅमेरा जर्मन आग्फाच्या परवान्यानं आपल्याच गावात, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनत असे. त्याचा मोठा भाऊ आयसोलीही तिथलाच. काळा, हातात मावणारा, फिरवायला फारसं काही नसलेला. १२० नंबरचा रोल घालायचा, मागच्या लाल काचेतून आकडा बघत पुढे सरकवायचा. ऊन आहे की ढगाळ आहे एवढं ठरवायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये फोटो फक्त १२.

बारा! हा आकडा लक्षात ठेवा. रोलचा खर्च, धुण्याचा खर्च, कागदावर छापण्याचा खर्च. कारकुनाच्या पगारात एक रोल म्हणजे विचार करण्यासारखी गोष्ट. म्हणून रोल गणपतीत घातला तर दिवाळीपर्यंत चालायचा. कुणाला उभं करायचं, कुठे करायचं, सूर्य पाठीमागे आहे ना, हे सगळं बघून मग खटका. फोटो धुऊन आले की वडील जेवणानंतर टाकानं मागे लिहायचे : तारीख, ठिकाण, डावीकडून नावं. ती शिस्त कॅमेऱ्यानं लावली होती म्हटलं तरी चालेल. जे महाग असतं त्याची नोंद होते.

ऐंशीच्या दशकात हॉट शॉटसारखे प्लॅस्टिकचे कॅमेरे आले, मग ३५ मिलिमीटरचे रंगीत रोल आले, नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी टेन घरोघरी दिसू लागला. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे काळे-पांढरे 'इंदू' रोल हळूहळू मागे पडले. आता रोलमध्ये ३६ फोटो. दुकानदार छापलेल्या फोटोंबरोबर छोटा प्लॅस्टिकचा अल्बम फुकट द्यायचा. फोटो त्या खिशांत सरकवले की मागची बाजू दिसेनाशी झाली, आणि तिथेच नावं लिहायची सवय सुटायला सुरुवात झाली. तरी फोटो हातात होता, कपाटात होता.

आता डिजिटलची गोष्ट. याचं मूळ १९६९ मध्ये आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी प्रकाशाचं विजेत रूपांतर करून ते मोजणारी चकती शोधली, तिला सीसीडी म्हणतात. त्याबद्दल दोघांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. १९७५ मध्ये कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरनं ही चकती वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्रात फक्त १०,००० ठिपके, आणि एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तो बघायचा टीव्हीवर. पुढे वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, कॅसिओनं क्यूव्ही-१० काढला. त्याच्या पाठीवर पडदा होता, काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचा. ठिपके अडीच लाख आणि कॅमेऱ्याच्या पोटात ९६ फोटोंची जागा. २००० मध्ये कॅननचा छोटा डिजिटल इक्सस आला, वीस लाख ठिपक्यांचा, शर्टाच्या खिशात राहणारा. "खिशातला डिजिटल" खऱ्या अर्थानं तिथून सुरू झाला.

आपल्याकडे हे कॅमेरे आधी अमेरिकेतल्या मुलाबाळांच्या बॅगांतून आले आणि साधारण २००४-०५ पासून रावपुऱ्याच्या दुकानांत दिसू लागले. मी २००६ मध्ये घेतला. तेव्हा दुकानदार एकच गोष्ट सांगायचा : "साहेब, हा पाच मेगापिक्सेल, तो सात मेगापिक्सेल, सातवाला घ्या." कर्जाचं प्रपोजल तपासावं तसा मी हा आकडा तपासला. मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. सहा बाय चार इंची फोटो चांगला छापायचा तर इंचाला ३०० ठिपके पुरतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, साधारण २१ लाख. दोन मेगापिक्सेलमध्ये काम झालं! मोठ्या ए-फोर कागदावर छापायचं असेल तर नऊच्या आसपास लागतात. घरच्या अल्बमसाठी पाच भरपूर.

मग खरं बघायचं काय? पहिलं, आतली चकती. क्लिक थ्रीची निगेटिव्ह जवळपास ५६ मिलिमीटर लांब-रुंद. खिशातल्या डिजिटलची चकती साधारण ६ मिलिमीटर लांब आणि सव्वाचार रुंद, करंगळीच्या नखापेक्षा लहान. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर जुनी निगेटिव्ह सव्वाशेपट मोठी. एवढ्याशा चकतीवर ठिपके जास्त कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो आणि माजघरासारख्या अंधाऱ्या जागेत फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. म्हणून सातपेक्षा पाचवाला कधी कधी बरा निघायचा. दुसरं, झूम. भिंगानं होणारा झूम खरा, त्याला ऑप्टिकल म्हणतात. डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र कापून ताणणं, तो आकडा धरायचाच नाही. तिसरं, बॅटरी. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा जरा जाड असतो, पण प्रवासात सेल कुठेही मिळतात. चौथं, कार्ड. तेव्हा एसडी, एक्सडी, मेमरी स्टिक असे तीन-चार पंथ होते. जे कार्ड जास्तीत जास्त कंपन्या वापरतात ते घ्यावं, या सरळ हिशेबानं मी एसडीवाला घेतला. ते कार्ड आजही सहज वाचता येतं. एक्सडी घेतलेले लोक आज ते वाचणारं यंत्र शोधत फिरतात.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग मला २००८ मध्ये झाला. दांडिया बाजाराच्या बाजूला एका परिचितांचा वाडा होता. भाऊबंदांत वाटण्या झाल्या, जागा बिल्डरकडे जायची ठरली. देवडी, चौक, तुळशीवृंदावन, नक्षीचे लाकडी खांब, देवघराचं पितळी कड्यांचं दार, आणि एका फडताळात मोडीतले हिशेबाचे कागद. सगळे वाडे तांबेकर वाड्यासारखे नशीबवान नसतात. त्या वाड्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. बाकीच्यांच्या नशिबी हातोडा. घरच्या वडीलधाऱ्या काकू मला म्हणाल्या, "भावजी, पाडायच्या आधी एकदा सगळं टिपून ठेवा. नातवंडांना दाखवायला काहीतरी राहू दे."

आपल्याच गावात याचा वस्तुपाठ होता. फाइन आर्ट्स फॅकल्टीतले ज्योती भट्ट, मूळचे चित्रकार. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत फिरून भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात टिपत राहिले. पुढच्या सणाला सारवलं की ती चित्रं जाणार, हे त्यांना माहीत होतं. आपला जीव लहान, पण हेतू तोच.

तीन रविवार लागले. छोट्या कॅमेऱ्यानं काम करताना जे उपयोगी पडलं ते सांगतो, कारण आजही फोनला तेच लागू आहे. फ्लॅश बंद ठेवला. त्याचा उजेड जेमतेम तीन-चार मीटर पोचतो, चौकात काही उपयोग नाही, आणि जवळच्या लाकडावर नुसता पांढरा डाग पडतो. सकाळी नऊ ते अकरा, चौकात ऊन उतरलं की काम. अंधाऱ्या जागी कॅमेरा स्टुलावर ठेवायचा आणि दोन सेकंदांचा टायमर लावायचा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. कागदांसाठी फुलाचं चिन्ह असलेला जवळचा मोड. कागद खिडकीपाशी सपाट ठेवायचा, कॅमेरा बरोबर वर समांतर धरायचा, नाहीतर ओळी तिरक्या येतात. प्रत्येक खोलीचे आधी चारही कोपऱ्यांतून चार फोटो, मग बारकावे. आणि कागदावर कच्चा नकाशा काढून फोटो नंबर कुठला ते लिहायचं. सेल बराच वेळ बाहेर राहिले तर कॅमेऱ्यातलं घड्याळ मूळ तारखेवर जातं, म्हणून रोज सुरू करताना तारीख तपासायची. पुष्कळ घरांतल्या फोटोंवर चुकीचं साल पडलेलं आहे ते यामुळेच.

सहाशेच्या वर फोटो झाले. त्यातले शंभरएक निवडून छापून घेतले आणि जाड कागदाच्या अल्बममध्ये लावले. काकूंना बाजूला बसवून प्रत्येकाखाली लिहिलं : ही ओटी, इथे आजोबा बसत, हा खांब वाडा बांधला तेव्हाचा, हे दार पुढे बदललं. लेजरसारखे पानांना नंबर दिले. काकू २०१३ मध्ये गेल्या. आज तिथे दुकानांची इमारत आहे. गेल्या वर्षी त्यांचा टोरांटोतला नातू आला. वृंदावन कुठे होतं, पणजी कुठल्या खोलीत राहायची, हे त्यानं विचारलं. घरातल्या कुणालाच नक्की सांगता येईना. तो अल्बम उघडला. मुलानं पान नंबर १७ वर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्याच सुमाराला दुसऱ्या एका कुटुंबात लग्न झालं होतं. डिजिटलचे दोन-अडीच हजार फोटो. सगळे एका हार्ड डिस्कवर. डिस्क बंद पडली, छापलेला एकही नव्हता. आता त्या लग्नाचे पाच-सहा फोटो आहेत, तेही पाहुण्यांनी काढलेले.

या छोट्या कॅमेऱ्याचं राज्यही फार टिकलं नाही. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, त्यातले बहुसंख्य खिशातले. २०२३ मध्ये सगळ्या प्रकारचे मिळून ८० लाखांच्याही खाली. मधल्या काळात कॅमेरा फोनमध्ये शिरला. ज्या कोडॅकमध्ये पहिला डिजिटल जन्मला, त्या कोडॅकनं जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. पैसे जमा झालेत, पण कुणाचे, कशाचे ते कळत नाही, अशी रक्कम तात्पुरती तिथे टाकतात. नियम असा की ते खातं लवकरात लवकर रिकामं करायचं, कारण वर्षं गेली की माहिती असलेला माणूस बदलून जातो आणि रक्कम कायमची अनाथ होते. साधारण २००४ ते २०१४ या दहा वर्षांतले आपले फोटो असेच सस्पेन्समध्ये पडून आहेत. सीडीवर, जुन्या कार्डांत, बंद कॉम्प्युटरमध्ये. फोटो भरपूर आहेत, नोंद नाही. त्या दहा वर्षांत बडोद्यातले किती वाडे पडले आणि आपली किती म्हातारी माणसं गेली, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांचे शेवटचे फोटो त्याच कार्डांत आहेत.

म्हणून मंडळी, एक विनंती. या दिवाळीच्या साफसफाईत जुना कॅमेरा सापडला तर कार्ड काढल्याशिवाय भंगारात देऊ नका. त्यातले फोटो दोन ठिकाणी उतरवा. सगळे छापायची गरज नाही, वर्षाला बारा निवडा, क्लिक थ्रीच्या एका रोलएवढे. ते छापा आणि घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस बाजूला बसवून मागे पेन्सिलीनं नावं लिहा. शाई पुढच्या फोटोला लागते, पेन्सिल बरी.

आणि कुणाकडे दांडिया बाजार, रावपुरा, कोठी भागातल्या पडलेल्या वाड्यांचे डिजिटल फोटो असतील तर इथे टाका. ओळखणारे अजून आहेत आपल्यात. नावं आपण मिळून भरू.