लॉजिकल व्हॉल्यूमचे रूपांतर व मिररिंग

एका डिस्कवर असलेला व्हॉल्यूम, त्यावरचे काम न थांबवता, दोन डिस्कांवर दुहेरी (मिरर) करणे आणि गरज संपल्यावर पुन्हा एकेरी करणे, ही संगणक-व्यवस्थापनातील एक क्रिया. लिनक्सवर ती एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) या व्यवस्थेतील कमांडनी, मुख्यतः एलव्हीकन्व्हर्टने केली जाते. डेटा सुरक्षित ठेवण्याचा उपाय म्हणून तिची ओळख करून दिली जाते आणि तिथेच गल्लत सुरू होते. मिरर डेटा जपत नाही, काम चालू ठेवतो. त्याचा मोठा उपयोगही तो कायमचा बसवण्यात नाही. मधल्या काळापुरता उभा करून, चालत्या कामाखालून जुनी डिस्क काढून घेण्यात आहे. धुळे जिल्ह्यातील साक्रीसारख्या ठिकाणी हा फरक चांगलाच जाणवतो. दोनशेहून अधिक गावांच्या तालुक्याचे हे मुख्यालय. सर्व्हरला बसणारी डिस्क हवी तर पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर धुळे, तिथे नाही मिळाली तर नाशिक. एकुलता एक सर्व्हर बंद ठेवून दिवसभर डेटा हलवत बसण्याची चैन अशा गावी कोणत्याच कार्यालयाला, पतसंस्थेला किंवा दवाखान्याला नसते.

एलव्हीएममध्ये डिस्क आणि फाइलसिस्टीम यांच्यामध्ये एक थर असतो. डिस्क किंवा तिचे पार्टिशन हा फिजिकल व्हॉल्यूम, असे अनेक एकत्र आले की व्हॉल्यूम ग्रुप, आणि त्यातून कापून घेतलेला तुकडा म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम. सगळा हिशेब एक्स्टेंट नावाच्या सारख्या मापाच्या तुकड्यांत चालतो. नेहमीचे माप ४ एमबी, म्हणजे ५०० जीबीच्या व्हॉल्यूमचे १,२८,००० तुकडे. कोणता तुकडा कोणत्या डिस्कवर आहे याची फक्त एक यादी असते. यादी बदलली की व्हॉल्यूमची जागा बदलते आणि वर बसलेल्या डेटाबेसला त्याचा पत्ताही लागत नाही. ही कल्पना लिनक्सची नव्हे. आयबीएमच्या एआयएक्समध्ये ती १९९० पासून होती, एचपीच्या युनिक्समध्येही होती. मात्र एचपीकडे मिररिंगसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपीच्याच धर्तीवर लिनक्ससाठी एलव्हीएम लिहिले. त्याची दुसरी आवृत्ती कर्नलमधील डिव्हाइस मॅपरवर उभी आहे, आणि आज वापरात आहे ती हीच.

प्रत्यक्ष क्रिया छोटी आहे. नवी डिस्क पीव्हीक्रिएटने तयार करायची, व्हीजीएक्स्टेंडने ग्रुपमध्ये घ्यायची आणि एलव्हीकन्व्हर्टला प्रकार ‘रेड१’, जादा प्रती एक, व्हॉल्यूम अमुक, डिस्क अमुक असे सांगायचे. शेवटचा तपशील वगळला तरी कमांड चालते, पण तो वगळू नये. एलव्हीएम फिजिकल व्हॉल्यूम ओळखते, डिस्क नव्हे. एकाच डिस्कची दोन पार्टिशने ग्रुपमध्ये असतील तर दोन्ही प्रती त्याच डिस्कवर पडू शकतात. कागदोपत्री मिरर तयार, प्रत्यक्षात शून्य. कमांड दिल्यावर मूळ व्हॉल्यूमच्या पोटात चार लपलेले उपव्हॉल्यूम तयार होतात: दोन ‘आरइमेज’, ज्यांत डेटा असतो, आणि दोन ‘आरमेटा’, ज्यांत प्रतींची स्थिती आणि नुकत्या लिहिलेल्या भागांचा नकाशा असतो. एलव्हीएस कमांडला सगळे दाखवायला सांगितले की ते दिसतात, आणि समोर प्रत किती टक्के जुळली याचा रकाना. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तर एक टीबी जुळायला पावणेतीन तास लागतात. कार्यालय चालू असेल तर त्याहून जास्त, कारण वाचन-लेखन त्याच डिस्कांवर चाललेले असते. टक्क्यांचा तो आकडा १०० होईपर्यंत दुसरी प्रत धरूच नये.

इथे एक अडचण पुष्कळांना गाठते. प्रत्येक आरमेटाला एक एक्स्टेंट लागतो, आणि मूळ प्रतीचा आरमेटा मूळ डिस्कवरच बसावा लागतो. इन्स्टॉल करताना कोणी उरलेली सगळी जागा रूट व्हॉल्यूमला देऊन टाकली असेल, तर नवी डिस्क कितीही मोठी असो, रूपांतर नाकारले जाते. कारण फक्त ४ एमबींची कमतरता. फाइलसिस्टीम एक्सएफएस असेल तर ती आवळून जागा करणे व्यवहारात शक्य नसते. त्यातल्या त्यात सोपे म्हणजे स्वॅपचा व्हॉल्यूम एका एक्स्टेंटने लहान करणे. ग्रुप बांधतानाच थोडी जागा मोकळी सोडली असती तर ही वेळ आली नसती.

आता मूळ मुद्द्याकडे. मिररवर लेखन एकाच वेळी दोन्हीकडे होते. त्यामुळे एक डिस्क मेली की दुसरी काम ओढून नेते, पण चुकीचा आदेश, खंडणीखोर व्हायरस, बिघडलेला डेटाबेस किंवा कुणी भलतेच फोल्डर पुसणे या गोष्टीही तितक्याच इमानाने दोन्हीकडे उतरतात. महसूल खात्याच्या दप्तरातून हा फरक लगेच उमजतो. सातबाऱ्याच्या दोन प्रती काढून दोन कपाटांत ठेवल्या म्हणून त्यावर चुकून चढलेले नाव दुरुस्त होत नाही. त्यासाठी गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उघडावी लागते, कारण आधी काय होते आणि कशामुळे बदलले ते तिथे असते. मिरर ही सातबाऱ्याची दुसरी प्रत आहे. बॅकअप हा फेरफार आहे. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, तेव्हापासून तर एका चुकीच्या नोंदीची नक्कल किती वेगाने पसरू शकते हे सांगायला नको.

मिररला वीज जाण्याचेही वावडे आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग. पण तालुक्यात वीज तयार होते म्हणून कार्यालयातला यूपीएस ओरडायचा थांबत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर एका प्रतीवर नवा ब्लॉक आणि दुसरीवर जुना, असे होऊ शकते. आरमेटातला नकाशा संशयित भाग दाखवतो, त्यामुळे मशीन सुरू झाल्यावर तेवढाच भाग पुन्हा जुळवला जातो. पण त्यातली खरी प्रत कोणती, हे त्याला कळत नाही. तो दोन्ही सारख्या करतो, बरोबर करतो असे नव्हे. आणि दोन्ही डिस्का बहुधा एकाच एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या एकाच वीजपुरवठ्यावर असतात. दाब उसळून तो जळाला तर दोन्हीकडची विल्हेवाट एकदमच लागू शकते.

मग उपयोग कुठे? बदलाच्या वेळी. डिस्क चार-पाच वर्षांची झाली, तिने स्वतःच्या तब्येतीच्या ठेवलेल्या ‘स्मार्ट’ नोंदीत बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढू लागली, की नवी डिस्क आणून मिरर करावा, प्रत १०० टक्के जुळू द्यावी, काही दिवस दोन्ही चालू ठेवाव्यात आणि मग जुनी प्रत सोडून द्यावी. यावर जाणकारांचा पहिला आक्षेप असा की हेच काम एलव्हीएमचीच पीव्हीमूव्ह एका कमांडमध्ये करते. करते, आणि आतून तीही तात्पुरता मिररच वापरते. अर्ध्यात मशीन बंद पडले तरी पुढे चालू होते. फरक मधल्या अवस्थेचा आहे. पीव्हीमूव्ह तुकड्यातुकड्याने पुढे सरकते, त्यामुळे मध्यावर काही डेटा जुन्या डिस्कवर आणि काही फक्त नव्या डिस्कवर असतो; त्या क्षणी नवी डिस्क गेली तर व्हॉल्यूम गेला. नव्या डिस्कमधली खोट बहुधा पहिल्या दिवसांतच उघडी पडते, म्हणून ही भीती फुकाची नाही. एलव्हीकन्व्हर्टच्या मार्गात जुनी डिस्क शेवटपर्यंत पूर्ण आणि ताजी राहते.

दुसरा आक्षेप हार्डवेअर रेड कार्डाचा. बॅटरीवाल्या कॅशेचे चांगले कार्ड वीज जाण्याच्या प्रसंगी वरचढ ठरते, हे मान्य करायला हवे. पण कार्डच मेले तर बहुधा त्याच कुळातले दुसरे शोधावे लागते, आणि ते धुळ्यातही मिळेलच असे नाही. एलव्हीएमचा मिरर कोणत्याही लिनक्स मशीनला लावला की वाचता येतो. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: डिस्क खरोखर खराब झाली असेल तर मिररिंगच्या वेळीच वाचनात चुका येतील. हे खरे आहे, आणि त्या अवस्थेत मिररचा हट्ट धरू नये. व्हॉल्यूम बंद करून डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने वाचेल तेवढे वाचून घ्यावे. मिरर आजारी डिस्कसाठी आहे, मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी नाही. चौथा आक्षेप, आता सगळे डेटा सेंटरमध्ये गेले, याला फार वेळ देण्याचे कारण नाही. तिथेही कोणीतरी डिस्क बदलतच असतो.

विंडोजशी तुलना केली की रूपांतर उलटे करता येण्याचे मोल कळते. तिथे डिस्कपार्टमध्ये आधी डिस्क ‘डायनॅमिक’ करावी लागते, मग व्हॉल्यूम निवडून दुसरी डिस्क जोडली की मिरर तयार होतो. विंडोज २००० पासूनची ही सोय आहे. पण डायनॅमिकवरून पुन्हा बेसिककडे यायचे तर त्या डिस्कवरचे सगळे व्हॉल्यूम आधी पुसावे लागतात. मायक्रोसॉफ्टने स्वतःच डायनॅमिक डिस्क मोडीत काढल्या आहेत. बूट व्हॉल्यूमच्या मिररपुरता अपवाद ठेवला आहे. लिनक्सवर मात्र एकेरीचे दुहेरी आणि दुहेरीचे एकेरी हा रस्ता दोन्ही बाजूंनी खुला आहे, आणि मिररकडे तात्पुरती अवस्था म्हणून पाहता येते ते त्यामुळेच.

याच गुणातून बॅकअपलाही मदत होते. ‘स्प्लिटमिरर्स’ आणि ‘ट्रॅकचेंजेस’ हे पर्याय दिले की एक प्रत बाजूला काढून फक्त वाचण्यापुरती उघडता येते. तिच्यावरून सावकाश बॅकअप घ्यायचा आणि ‘मर्ज’ म्हटले की मधल्या काळात बदललेला भागच पुन्हा जुळतो. फाइलसिस्टीम एक्सएफएस असेल तर ही प्रत सरळ माउंट होत नाही, कारण मूळ फाइलसिस्टीम आणि प्रत, दोघींची ओळखसंख्या एकच. ओळखसंख्येची तपासणी आणि लॉगची उजळणी दोन्ही टाळण्याचे पर्याय द्यावे लागतात. प्रत बाजूला असेपर्यंत व्हॉल्यूम एकाच डिस्कवर उभा असतो. ज्याला हे सोसणार नाही त्याने आधी तिसरी प्रत जोडावी.

जुनी डिस्क सोडताना प्रतींची जादा संख्या शून्य करायची असते, आणि इथेही कोणती डिस्क काढायची ते नाव घेऊन सांगावे. नाही तर एलव्हीएम आपल्या मनाने निवडते आणि नवीच डिस्क रिकामी होऊ शकते. बूट पार्टिशन आणि ईएफआयचा भाग सहसा एलव्हीएमच्या बाहेर असतो, त्यामुळे तो नव्या डिस्कवर वेगळा उतरवून त्यावरून एकदा मशीन सुरू करून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क उपसू नये. मग व्हीजीरिड्यूस आणि पीव्हीरिमूव्ह. पण पीव्हीरिमूव्ह फक्त एलव्हीएमची पाटी पुसते. आतला डेटा, म्हणजे खातेदारांची नावे, आधार क्रमांक, रुग्णांचे कागद, जसाच्या तसा राहतो आणि डिस्कबरोबर भंगारात जातो. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. म्हणून फिरत्या डिस्कवर श्रेड कमांडने एकदा पूर्ण लिहून घ्यावे. एसएसडी असेल तर कंपनीने दिलेला पुसण्याचा आदेश वापरावा, कारण तिच्यावर वरून लिहिले तरी जुने तुकडे आत उरतात.