पोशाखाचें सोंग आणि इतिहासाचें सत्य

सर्व सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. तिचा उत्तरार्ध सर्वांच्या अनुभवाचा आहे. पूर्वार्ध तितका खरा आहे काय, असा प्रश्न मात्र अमेरिकेंतील एका विलक्षण हौसेकडे पाहिलें म्हणजे मनांत उभा राहतो. त्या देशांत १८६१ पासून १८६५ पर्यंत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांमध्यें जें यादवी युद्ध झालें, त्यांतील लढाया पुन्हा लढून दाखविणारे हजारों हौशी लोक तेथें आहेत. एरवीं कोणी शिक्षक, कोणी वकील, तर कोणी सुतार असतो. पण सुटीचे दोन दिवस हीं मंडळी जुन्या रणभूमीच्या आसपास तंबू ठोकतात, कवाईत करतात, कोरड्या दारूचे बार काढतात, ठरल्या वेळीं मरून पडतात, आणि सायंकाळीं उठून मोटारींतून घरीं जातात. अशी हौस इतरत्रही आहे. इंग्लंडांत १९६८ सालीं ब्रिगेडियर पीटर यंग यांनीं स्थापिलेली 'सील्ड नॉट' ही संस्था सतराव्या शतकांतील राजा व पार्लमेंट यांचें युद्ध असेंच उभें करते. आणि २०१५ सालीं वॉटर्लूच्या द्विशताब्दीस नाना देशांचे हजारों हौशी शिपाई बेल्जममध्यें जमले होते. तथापि आम्ही अमेरिकेचेंच उदाहरण घेतों. कारण त्या युद्धांतील कपडे पदार्थसंग्रहालयांत अद्यापि शिल्लक आहेत, छायाचित्रें विपुल आहेत, आणि युद्धाच्या कारणांविषयींचा वादही अजून शमलेला नाहीं.

आरंभीं ही हौस बरीच ढिली होती. युद्धाच्या शताब्दीनिमित्त १९६१ च्या जुलईंत मनॅसस येथें पहिली लढाई करून दाखविली, तेव्हां पुष्कळांच्या अंगावर बाजारांत मिळाले तसले निळे-करडे कपडे होते. पुढें मात्र मतें कडक होत गेलीं. कापड कोणतें, वीण कशी, शिलाई हातची कीं यंत्राची, बटणाच्या मागील बाजूस कारखानदाराची कोणती खूण होती, याचा कीस काढणारा एक पंथच निर्माण झाला. जो हातांत घड्याळ बांधून किंवा आजच्या धाटणीचा चष्मा लावून रणांगणांत येतो, त्याला हे लोक 'फार्ब' म्हणून हिणवतात. आणि हिणविलेले लोक उलट त्यांना 'टाके मोजणारे' म्हणतात.

हा सारा पोरखेळ आहे असें म्हणणें सोपें आहे. पण आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. उत्तरेच्या साध्या शिपायाचा चार पितळी बटणांचा सैलसा निळा डगलाच घ्या. तो लोंकरीचा असे आणि भर उन्हाळ्यांतही तोच अंगावर असे. गेटिसबर्गची लढाई १८६३ च्या जुलईच्या पहिल्या तीन दिवसांत झाली, हें पुस्तकांत वाचणें वेगळें. आणि तसला डगला घालून, सुमारें ९ पौंडांची बंदूक, ४० काडतुसांची पेटी, पाण्याचा पत्र्याचा डबा व खाण्याची झोळी अंगावर घेऊन जुलईच्या उन्हांत मैलभर चालणें वेगळें. सैन्य अमुक ठिकाणीं वेळेवर कां पोहोंचलें नाहीं, तहानेनें माणसें कां कोसळलीं, याचा उलगडा कधीं कधीं सेनापतीच्या खलित्यापेक्षां शिपायाच्या पाठीवरील घामाच्या डागांवरून अधिक होतो.

कपड्याचा माग काढीत गेलें म्हणजे माणूस आणखीही दूर जातो. फिलाडेल्फिया येथील सरकारी कोठारांतून बेतलेलें कापड शहरांतील बायकांना घरीं शिवण्यासाठीं देत असत, आणि त्यांत शिपायांच्या बायका व विधवा पुष्कळ होत्या. एवढें मोठें युद्ध ज्यांच्या सुईवर उभें होतें त्यांना मजुरी इतकी अपुरी मिळे कीं, १८६४ सालीं त्यांची तक्रार थेट अध्यक्ष लिंकन यांच्यापर्यंत गेली, व त्यांनीं युद्धमंत्र्यास त्यांत लक्ष घालावयास सांगितलें. दुसरीकडे मक्तेदारांनीं जुन्या चिंध्या पिंजून पुन्हा विणलेलें कापड सैन्याच्या गळ्यांत बांधलें. अशा कापडास 'शॉडी' म्हणत. आज तो शब्द इंग्रजींत कोणत्याही निकृष्ट मालास लावतात, त्याला या युद्धांतील मक्तेदारीचा मोठा हातभार लागला आहे.

दक्षिणेची कहाणी निराळी. तिची बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडवून धरलेलीं. तेथें सुताचा ताणा व लोंकरीचा बाणा घालून विणलेल्या जाड्याभरड्या कापडाचे डगले होत. रंगासाठीं झाडांच्या साली, पानें, अक्रोडाच्या जातीच्या फळांचीं टरफलें वापरीत. असला करडा रंग उन्हांत विटून मातकट तपकिरी होई. चित्रांत दक्षिणेचें सैन्य एकसारखें राखाडी दिसतें. प्रत्यक्षांत तें पाचोळ्याच्या रंगाचें होतें. येथें टाके मोजणारा मनुष्य चित्रकारास सुधारतो, आणि एका देशाची कोंडी झालेली आपणांस त्याच्या विटलेल्या बाहीवर वाचतां येते.

या पोशाखाचे धागे आपल्या देशापर्यंतही येऊन पोहोंचतात. उत्तरेच्या डगल्याचा निळा रंग निळीचा असे, आणि त्या काळीं जगाच्या बाजारांतील निळीचा फार मोठा भाग बंगाल-बिहारांतून जाई. त्याच निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध नदियाकडील रयत १८५९ सालीं उठली होती. दक्षिणेचा कापूस अडला तेव्हां मँचेस्टरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवासा झाला, मुंबईंत पैशाचा पूर आला, शेअरांचा सट्टा माजला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो फुगा फुटून मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. सर्वांत आश्चर्याची गोष्ट बंदुकीची. दोन्ही पक्षांनीं लाखांनीं विकत घेतलेली १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही तीच बंदूक, जिच्या चरबी लावलेल्या काडतुसावरून १८५७ सालीं आपल्याकडे आगडोंब उसळला. आजचा हौशी अमेरिकन शिपाई इटलींत नव्यानें घडविलेली एन्फील्ड खांद्याला लावतो, कागदी काडतूस दातानें फाडतो आणि दारू नळींत ओततो. त्याच्या दृष्टीनें ती कवाइतींतील एक साधी हालचाल. आमच्या वाचकांस तीच हालचाल पाहून बराकपूर आठवल्यावांचून राहणार नाहीं. एकच वस्तु, पण तिचा अर्थ ती कोणाच्या हातीं आहे यावर अवलंबून असतो. आणि येथेंच हुबेहूबपणाची मर्यादा दिसूं लागते.

१९८९ सालीं अँटिटम येथील अशाच एका समारंभांत शिपायाच्या पोशाखांत आलेली एक स्त्री अधिकाऱ्यांनीं ओळखली व तिला मज्जाव केला. कारण काय, तर स्त्री शिपाई असणें इतिहासाला धरून नाहीं! तिनें दावा लावला आणि १९९३ सालीं तो जिंकला. वस्तुतः त्या युद्धांत शेंकडों स्त्रिया पुरुषवेषांत लढल्या होत्या. न्यूयॉर्क संस्थानांतील सारा रोझेटा वेकमन ही लायन्स वेकमन या नांवानें सैन्यांत भरती झाली, लढली, आणि १८६४ सालीं न्यू ऑर्लीन्स येथील रुग्णालयांत मरण पावली. तिच्या थडग्यावर अद्यापि तें पुरुषाचेंच नांव आहे. म्हणजे सत्याचें रक्षण करण्याच्या आवेशांत सत्यालाच बाहेर काढण्यांत आलें होतें. बटणाची खूण तपासणाऱ्यांना बटणामागील माणूस तपासण्याचें सुचलें नाहीं.

याहून मोठें उदाहरण काळ्या सैनिकांचें आहे. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः गुलामगिरींतून निसटलेले, आणि आपल्या लोकांच्या सैन्यभरतीचे मोठे पुरस्कर्ते. काळ्या मनुष्याच्या अंगावर एकदां देशाच्या नांवाचीं पितळी अक्षरें, बटणावर गरुड आणि खांद्यावर बंदूक आली, कीं त्याचा नागरिकत्वाचा हक्क नाकारण्याचें सामर्थ्य पृथ्वीवर कोणांत उरणार नाहीं, असें ते १८६३ सालीं सांगत होते. त्यांच्या लेखीं पोशाख म्हणजे सनदच होती. सुमारें १ लक्ष ८० हजार काळ्या शिपायांनीं तो पोशाख चढविला. परंतु गोऱ्या शिपायाला दरमहा १३ डॉलर व कपड्याची सोय वेगळी असे. काळ्याला १० डॉलर, आणि त्यांतून ३ डॉलर कपड्याबद्दल कापून हातीं ७! ज्या निळ्या डगल्यानें त्याला मनुष्यपण मिळावयाचें, त्याच डगल्याच्या नांवानें त्याचा पगार कापला जात होता.

मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनें हा पगार घेण्याचें नाकारलें. फरक आम्ही भरून देतों असें त्यांच्या संस्थानानें सांगितलें, तेंही त्यांनीं मानलें नाहीं. कारण प्रश्न पैशाचा नसून बरोबरीचा होता. १८ जुलई १८६३ रोजीं याच पलटणीनें वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढविला. त्यांत तिचा गोरा कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ पडला, आणि शत्रूनें त्याला त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यांत पुरलें. घरीं बायकापोरांचे हाल होत असतां हे शिपाई सुमारें दीड वर्ष बिनपगारी लढत राहिले. शेवटीं १८६४ च्या जूनमध्यें समान वेतनाचा कायदा झाला. दुसऱ्या एका काळ्या पलटणींतील सार्जंट विल्यम वॉकर यानें आपल्या तुकडीसह याच कारणासाठीं शस्त्रें खालीं ठेवलीं होतीं. त्याला १८६४ सालीं बंडखोर ठरवून गोळ्या घातल्या. वरील म्हणीचा उत्तरार्ध खरा कीं काय, हें या सात डॉलरांनीं ठरविलें आहे. निळ्या डगल्याची हुबेहूब नक्कल आजही शिवून मिळते. त्या कापलेल्या तीन डॉलरांची नक्कल कोणता शिंपी शिवून देणार?

या गोष्टीचा विसर पडणें आकस्मिक नव्हतें. १९१३ सालीं गेटिसबर्गच्या पन्नासाव्या वर्षीं दोन्ही पक्षांचे पन्नास हजारांवर वृद्ध सैनिक तेथें जमले, आणि ज्या दगडी कुंपणावर एके काळीं ते एकमेकांवर तुटून पडले होते त्याच कुंपणावरून त्यांनीं हस्तांदोलन केलें. दृश्य हृदयंगम होतें यांत संशय नाहीं. पण ज्या गुलामगिरीच्या प्रश्नापायीं सहा लाखांहून अधिक माणसें मेलीं, तिचा उच्चार त्या सोहळ्यांत जवळजवळ झालाच नाहीं. दोन शूर भावांची लढाई, दोन सुंदर पोशाख, एवढेंच उरलें. पुढें खेळल्या जाणाऱ्या लढायांनीं हाच वारसा उचलला. १९८९ सालीं ५४ व्या पलटणीवर 'ग्लोरी' हा चित्रपट निघाला, त्यांत हौशी शिपायांनीं कामें केलीं, आणि त्यानंतर काळ्या हौशी शिपायांचीं पथकें मैदानांत अधिक दिसूं लागलीं. तेव्हां कोठें हें चित्र थोडें पुरें होऊं लागलें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, टाके मोजणें चुकीचें नाहीं; मोजणी मध्येंच थांबविणें चुकीचें आहे. कापड कोणतें होतें असें विचारणाऱ्यानें तें कोणी शिवलें व तिला काय मिळालें हेंही विचारलें पाहिजे. तें कोणाला चढवूं दिलें नाहीं आणि कोणाच्या पगारांतून कापलें, हेंही विचारलें पाहिजे. असें केलें तर जुना डगला हा इतिहासाचा उत्तम गुरु आहे; न केलें तर तो खुंटीवर टांगलेला कपडा होय.

युद्ध संपून आठ वर्षें झालीं तेव्हां, १८७३ सालीं, पुण्यांत जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील सज्जन लोकांस अर्पण केलें, आणि गुलामांना मुक्त करण्यासाठीं त्यांनीं केलेल्या स्वार्थत्यागाचा कृतज्ञतेनें उल्लेख केला. त्या युद्धाच्या डगल्यांशीं वा कवाइतीशीं जोतीरावांना कर्तव्य नव्हतें. तें युद्ध कशासाठीं झालें, एवढें मात्र हजारों कोसांवरून त्यांनीं अचूक ओळखलें होतें. आणि तेवढें ज्याला ओळखतां आलें, त्याच्याच अंगावर तो जुना पोशाख शोभून दिसेल.