कलेचा त्रिकोण : पंचरत्नम यांच्या निबंधाचे विलंबित वाचन

बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात १९५६ साली एस. पंचरत्नम यांचा व्यतिकरणाच्या व्यापक सिद्धान्तावरील निबंध प्रसिद्ध झाला. लेखक तेव्हा २२ वर्षांचे असून चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९४८ साली स्थापिलेल्या संशोधनसंस्थेत कार्यरत होते.

परस्परांशी काटकोनात ध्रुवित असलेल्या प्रकाशशलाकांचे व्यतिकरण होत नाही, हे फ्रेनेल आणि अरागो यांनी १८१९ साली दाखविले होते. समान ध्रुवणाच्या शलाका मात्र प्रकाश-अंधाराचे पट्टे निर्माण करतात. या दोन टोकांमधील अवस्थांचे काय, हा प्रश्न पंचरत्नम यांच्यापुढे शोषक स्फटिकांच्या अभ्यासातून आला; कारण अशा स्फटिकांतून जाणाऱ्या दोन तरंगांची ध्रुवणे सामान्यतः परस्परांशी लंब नसतात. साहजिकच भिन्न ध्रुवणाच्या दोन शलाकांना ‘समकला’ केव्हा म्हणावे, हे आधी ठरविणे भाग होते. त्यांचे उत्तर साधे होते : एकत्र आल्यावर तीव्रता कमाल होईल तेव्हा.

या व्याख्येतून अनपेक्षित निष्कर्ष निघतो. पहिली शलाका दुसरीशी आणि दुसरी तिसरीशी समकला असली, तरी तिसरी पहिलीशी समकला असेलच असे नाही. ध्रुवणाच्या अवस्था प्वँकारे यांनी गोलाच्या पृष्ठभागावरील बिंदूंनी दर्शविल्या होत्या. अशा तीन बिंदूंचा गोलीय त्रिकोण केंद्राशी जेवढा घनकोन करतो, त्याच्या निम्म्याएवढा हा कलाभेद असतो. मराठी परिभाषेतील ‘कला’ हा शब्द चंद्रकलांचे स्मरण देतो. चंद्राचा फेरा मूळ कलेशी परततो, येथे मात्र ध्रुवण पूर्ववत झाले तरी कला बदललेली असते.

ब्रिस्टलचे मायकल बेरी यांनी १९८४ साली पुंजयामिकीतील भूमितीय कला मांडली. पंचरत्नम यांचे व्यतिकरण हे तिचेच पूर्वीचे उदाहरण होय, असे एस. रामशेषन आणि राजाराम नित्यानंद यांनी १९८६ साली ‘करंट सायन्स’मध्ये निदर्शनास आणले. १९८७ साली बेरी यांनी स्वतंत्र लेख लिहून ते श्रेय मान्य केले. पंचरत्नम मात्र १९६९ सालीच, वयाच्या ३५व्या वर्षी, ऑक्सफर्ड येथे निवर्तले होते.

हा विलंब केंद्र आणि परिघ यांच्या नेहमीच्या सूत्राने पुरता उलगडत नाही. पंचरत्नम यांचे संकलित लेखन १९७५ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयानेच प्रकाशित केले होते. संहिता केंद्रात पोहोचली होती. तिला हा अर्थ विचारणारा प्रश्न अद्याप उपजला नव्हता. तो बेरी यांच्या सिद्धान्ताने पुरविला.

तथापि पंचरत्नम यांना केवळ ‘अग्रदूत’ म्हणणेही अपुरे ठरते. त्यांचा प्रश्न पुंजयामिकीचा नव्हता, स्फटिकांचा होता. दोन्ही संहितांमध्ये साम्य आहे, प्रभाव नाही. उत्तरकालीन सिद्धान्ताने जुन्या निबंधाला वाचक मिळवून दिले. परंतु त्या निबंधाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या प्रश्नापासूनच शोधावा लागतो. ग्रहणाच्या इतिहासात हा भेद राखला नाही, तर विलंबाने मिळालेला न्यायही अर्धाच राहतो.