फिलाडेल्फिया फिलीजचा १९४३ चा हंगाम

फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघाचा १९४३ चा हंगाम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खेळला गेला. या हंगामात फिलीजने ६४ सामने जिंकले आणि ९० गमावले. नॅशनल लीगच्या आठ संघांत त्याचा क्रमांक सातवा लागला. त्याआधी सलग पाच वर्षे तळाला राहिलेल्या संघाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. तथापि हा हंगाम मुख्यतः मैदानाबाहेरील घटनांमुळे ओळखला जातो. एकाच वर्षात लीगने जुन्या मालकाकडून संघ काढून घेतला, नव्या मालकाने व्यवस्थापकाला बडतर्फ केले आणि अखेरीस स्वतःच्या संघावर पैजा लावल्याबद्दल त्या मालकावरच कायमची बंदी आली.

पार्श्वभूमी

१९३८ ते १९४२ या पाचही हंगामांत फिलीजने प्रत्येकी शंभराहून अधिक सामने गमावले होते. १९४२ मध्ये संघाला केवळ ४२ विजय मिळाले, तर १०९ पराभव पत्करावे लागले. या दुरवस्थेचे मूळ युद्धात नव्हे, तर आर्थिक दुर्बलतेत होते. मालक जेरी न्यूजंट हे खर्च भागवण्यासाठी चांगले खेळाडू इतर संघांना देत असत. चक क्लाइन, डॉल्फ कॅमिली, क्लॉड पॅसो आणि कर्बी हिग्बी हे खेळाडू असेच संघाबाहेर गेले. संघाचे स्वतःचे मैदानही नव्हते. १९३८ पासून तो त्याच शहरातील ॲथलेटिक्स संघाच्या शाइब पार्कमध्ये भाडेकरू म्हणून खेळत होता.

युद्धाचा परिणाम

अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच, मार्च १९४१ मध्ये, फिलीजचा पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) ह्यू मल्काही याला सैन्यात बोलावण्यात आले. सक्तीच्या भरतीत गेलेला तो प्रमुख लीगमधील पहिला नियमित खेळाडू होय. १९४२ मध्ये १२ विजय मिळवणारा टॉमी ह्यूज हाही पुढील तीन हंगाम सैन्यसेवेत होता.

राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४२ मध्ये बेसबॉल आयुक्त केनेसॉ माउंटन लँडिस यांना पत्र लिहून, जनतेच्या विरंगुळ्यासाठी सामने चालू राहावेत असे मत कळवले होते. मात्र लष्करी वयाच्या खेळाडूंना त्यात कोणतीही सवलत नव्हती. १९४३ मध्ये रेल्वेवरील ताण कमी करण्यासाठी संघांना पूर्वतयारीची शिबिरे दक्षिणेकडील उबदार प्रदेशाऐवजी उत्तरेत घ्यावी लागली. फिलीजचे शिबिर पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी झाले. रबराच्या टंचाईमुळे चेंडूच्या गाभ्यात बलाटा हा पर्यायी पदार्थ वापरण्यात आला. असा चेंडू फटका मारल्यावर दूर जात नसे. त्यामुळे हंगामाच्या आरंभी धावा फारच कमी झाल्या आणि तो लवकरच बदलावा लागला.

मालकीबदल

फेब्रुवारी १९४३ मध्ये नॅशनल लीगने संघ आपल्या ताब्यात घेतला आणि न्यूयॉर्कमधील लाकूड व्यापारी विल्यम कॉक्स यांना विकला. येल विद्यापीठात शिकलेले कॉक्स तेव्हा ३३ वर्षांचे होते. त्यांनी बकी हॅरिस या अनुभवी व्यवस्थापकाची नेमणूक केली. बेसबॉलमध्ये व्यवस्थापक हा मैदानावरील डावपेच ठरवणारा प्रमुख असतो. कॉक्स मात्र स्वतः सरावात उतरत आणि संघाच्या कामात वारंवार हस्तक्षेप करीत.

याच विक्रीशी एक वादग्रस्त दावा जोडला जातो. त्या काळी कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगमध्ये प्रवेश नव्हता. आपण फिलीज विकत घेऊन त्यात कृष्णवर्णीय खेळाडू घेणार होतो, पण तो बेत हाणून पाडण्यात आला, असे बिल व्हीक यांनी १९६२ च्या आत्मचरित्रात लिहिले. या दाव्याच्या सत्यतेविषयी संशोधकांत मतभेद आहेत. खेळाडूंची एवढी चणचण असतानाही ही वर्णबंदी युद्ध संपेपर्यंत उठली नाही, हे मात्र निर्विवाद आहे. फिलीजकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १९५७ मध्ये खेळला.

हंगाम

ब्रुकलिन डॉजर्सकडून आलेला पिचर स्कूलबॉय रो याने १४ विजय मिळवले. राखीव फलंदाज म्हणूनही तो उपयुक्त ठरला. रॉन नॉर्थी याने १६ होमरन मारले. प्रेक्षकांची संख्या १९४२ मधील सुमारे २.३० लाखांवरून सुमारे ४.६७ लाखांवर गेली.

जुलैच्या अखेरीस कॉक्स यांनी हॅरिस यांना अचानक काढून टाकले. तेव्हा संघाच्या नावावर ३८ विजय व ५२ पराभव होते. संतप्त खेळाडूंनी सामना न खेळण्याची धमकी दिली, परंतु पुढे ती मागे घेतली. फ्रेडी फिट्झसिमन्स नवे व्यवस्थापक झाले. त्यांच्या हाताखाली संघाने २६ सामने जिंकले व ३८ गमावले. अग्रस्थानी राहिलेल्या सेंट लुईस कार्डिनल्सपेक्षा फिलीज ४१ सामन्यांनी मागे राहिला.

कॉक्स यांच्यावरील बंदी

बडतर्फीनंतर हॅरिस यांनी, कॉक्स आपल्याच संघावर पैजा लावतात, असे पत्रकारांना सांगितले. लँडिस यांनी चौकशी केली. कॉक्स यांनी आरंभी वेगळे स्पष्टीकरण दिले, पण अखेरीस फिलीजच्या विजयावर २५ ते १०० डॉलरच्या सुमारे १५ ते २० पैजा लावल्याचे मान्य केले. रकमा लहान होत्या आणि पैजा संघाच्या बाजूने होत्या. तरीही ज्या सामन्याशी स्वतःचा संबंध आहे त्यावर पैज लावणाऱ्यास कायम अपात्र ठरवणारा नियम मालकालाही लागू करण्यात आला. नोव्हेंबर १९४३ मध्ये लँडिस यांनी बंदी जाहीर केली आणि डिसेंबरमधील फेरसुनावणीनंतर ती कायम ठेवली.

नंतरचा काळ

संघ कारपेंटर कुटुंबाने विकत घेतला. तरुण अध्यक्ष बॉब कारपेंटर लवकरच सैन्यात दाखल झाले व कारभार हर्ब पेनॉक यांनी सांभाळला. रो व इतर काही खेळाडूही सैन्यात गेल्याने १९४४ आणि १९४५ मध्ये फिलीज पुन्हा तळाला गेला. मात्र नव्या मालकांनी तरुण खेळाडू शोधून घडवण्यावर पैसा खर्च केला. त्याचे फळ १९५० मध्ये मिळाले आणि फिलीजने १९१५ नंतर प्रथमच नॅशनल लीगचे विजेतेपद पटकावले.