अतिदीर्घ अंतराच्या धावण्यातील स्त्री-पुरुष कामगिरी : एक ऐतिहासिक तुलना (मराठवाड्याच्या विशेष संदर्भात)

विषयप्रवेश

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटरचे अंतर ओलांडून जाणाऱ्या, अथवा बारा-चोवीस तास अखंड चालणाऱ्या शर्यतींना अतिदीर्घ अंतराचे धावणे किंवा अल्ट्रामॅरेथॉन असे म्हटले जाते. अंतर जसजसे वाढत जाते तसतशी स्त्री व पुरुष यांच्या कामगिरीतील तफावत कमी होते काय, हा प्रश्न क्रीडाशास्त्राच्या क्षेत्रात गेली तीन-चार दशके चर्चिला जात आहे. ही चर्चा बहुतांशी शरीरशास्त्राच्या अंगाने झालेली आहे. रक्तातील हिमोग्लोबिन, प्राणवायू ग्रहण करण्याची क्षमता, स्नायू व मेद यांचे प्रमाण हे तिचे नेहमीचे विषय होत. परंतु धावण्याच्या वेळेची प्रत्येक नोंद ही इतिहासातील नोंदही असते. कोणाला धावू दिले, कोणत्या वर्षापासून, किती अंतरापर्यंत आणि किती जणींना, या प्रश्नांची उत्तरे त्या आकड्यामागे दडलेली असतात. प्रस्तुत लेखात ही तुलना इतिहासाच्या अंगाने तपासण्याचा प्रयत्न केला असून, तिचा पडताळा महाराष्ट्रातील, विशेषतः मराठवाड्यातील धावपटूंच्या उदाहरणांवरून घेतला आहे.

अँटवर्प १९२० : पहिली नोंद आणि तिच्या बाहेरचे लोक

भारताच्या दीर्घ अंतराच्या धावण्याचा ऑलिंपिक इतिहास मराठी मुलखातून सुरू होतो. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत काही शेतकरी तरुण अनवाणी धावले. त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू रवाना झाला. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी तेथील मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. सदाशिव दातार हेही त्या शर्यतीत उतरले होते; त्यांना ती पूर्ण करता आली नाही. त्या वर्षी मॅरेथॉनचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, म्हणजे आजच्या प्रमाण अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब होता, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे या आकड्याकडे परत यावयाचे आहे.

या नोंदीच्या बाहेर दोन समूह राहिले. पहिला समूह मराठवाड्यातील जनतेचा. नांदेड, परभणी आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात मोडणारे लातूर हा सर्व भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुणे-मुंबईच्या क्रीडासंस्थांचे जे जाळे मुंबई इलाख्यात उभे राहिले, त्याच्याशी या भागाचा राजकीय संबंध १७ सप्टेंबर १९४८ नंतर आणि राज्य पुनर्रचनेनंतरच जुळला. दुसरा समूह स्त्रियांचा. अँटवर्पला मैदानी शर्यतींत कोणत्याच देशाच्या स्त्रीला प्रवेश नव्हता. भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या धावपट्टीवर आली ती १९५२ मध्ये हेलसिंकी येथे, नीलिमा घोष व मेरी डिसूझा यांच्या रूपाने. आणि तीही लघु अंतराच्या शर्यतींसाठी. मराठवाड्यातील स्त्री या दोन्ही समूहांत मोडते, आणि म्हणून तिची आजची कामगिरी तपासताना दुहेरी विलंबाचा हिशेब मांडावा लागतो.

बंद अंतरे

स्त्रीला लांब अंतर झेपत नाही, ही समजूत प्राचीन आहे असे मानले जाते. वस्तुस्थिती तशी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत पैजेच्या पायी चालण्याचे खेळ लोकप्रिय होते आणि त्यांत स्त्रियाही उतरत. डिसेंबर १८७८ ते जानेवारी १८७९ या काळात ॲडा अँडरसन या इंग्रज स्त्रीने ब्रुकलिन येथे २,७०० पाव-मैल हे सलग २,७०० पाव-तासांत चालून दाखविले. म्हणजे जवळजवळ महिनाभर एका वेळी काही मिनिटांहून अधिक झोप न घेता सुमारे १,०८६ किलोमीटर! तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर हे घडले. तेव्हा बंदी आली ती अनुभवातून नव्हे, तर अनुभव विसरल्यानंतर.

१९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची ८०० मीटर शर्यत प्रथमच झाली. लिना राडके यांनी ती २ मिनिटे १६.८ सेकंदांत, विश्वविक्रमासह जिंकली. अंतिम फेरीतील सर्व धावपटूंनी शर्यत पूर्ण केली होती. तथापि धावपटू मैदानावर कोसळल्याची अतिरंजित वर्णने वृत्तपत्रांनी छापली आणि ही शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. शर्यतीनंतर पुरुष धावपटू दमून आडवा झाला की ती जिद्द ठरते आणि स्त्री आडवी झाली की ती दुर्बलता ठरते, हा दुटप्पीपणा बत्तीस वर्षे नियमपुस्तकात टिकला. त्यानंतरही अंतरे एकेक करून, अतिशय कंजूषपणे खुली झाली : १५०० मीटर १९७२ मध्ये, मॅरेथॉन १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये, ५००० मीटर १९९६ मध्ये आणि ३००० मीटर स्टीपलचेस २००८ मध्ये. बोस्टन मॅरेथॉनमध्ये १९६६ साली बॉबी गिब विनानोंदणी धावल्या. स्त्रियांना तेथे अधिकृत प्रवेश १९७२ मध्ये मिळाला.

अतिदीर्घ अंतराच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्स मॅरेथॉनचा आहे. पीटरमॅरिट्झबर्ग व डर्बन या शहरांदरम्यान सुमारे ९० किलोमीटरची ही शर्यत १९२१ पासून घेतली जाते. १९२३ मध्ये फ्रान्सिस हेवर्ड या स्त्रीची नोंदणी नाकारण्यात आली. तरी त्या धावल्या आणि ११ तास ३५ मिनिटांत त्यांनी अंतर पूर्ण केले. त्या वर्षीचे विजेते आर्थर न्यूटन यांची वेळ ६ तास ५६ मिनिटे होती. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अधिकृत प्रवेश एकाच वर्षी, १९७५ मध्ये, देण्यात आला. लिंग आणि वर्ण यांचे दरवाजे एकाच किल्लीने बंद केलेले असतात याचे हे उदाहरण भारतीय अभ्यासकाला अपरिचित वाटू नये.

भाकिते आणि आकडे

प्रवेश मिळताच स्त्रियांच्या वेळा झपाट्याने सुधारल्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जोन बेनॉइट यांनी स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. पुरुष विजेते कार्लोस लोपेस यांच्या वेळेपेक्षा ती सुमारे १२ टक्के अधिक होती. सुधारणेचा हा वेग पाहून १९९२ मध्ये व्हिप व वॉर्ड या संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात असे गणित मांडले की, कल असाच राहिल्यास १९९८ च्या सुमारास स्त्रिया मॅरेथॉनमध्ये पुरुषांची बरोबरी करतील. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी तेथील धावपटूंच्या वेळांवरून असा अंदाज केला की सुमारे ६६ किलोमीटरच्या पुढे समान दर्जाच्या स्त्रिया पुरुषांना मागे टाकू शकतील.

ही भाकिते खरी ठरली नाहीत. २०२३ मधील मॅरेथॉनचे विश्वविक्रम पाहिले असता केल्विन किप्टम यांची वेळ २:००:३५ आणि तिगिस्त असेफा यांची २:११:५३ होती. तफावत सुमारे ९.४ टक्के. अंतर वाढल्यावर ही तफावत आपोआप घटते असेही नाही. २०२३ मध्ये तैपेई येथील २४ तासांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अलेक्सांद्र सोरोकिन यांनी ३०१.७९० किलोमीटर, तर मिहो नाकाता यांनी २७०.३६३ किलोमीटर अंतर कापले. एकच स्पर्धा, एकच मार्ग, एकच हवामान. आणि अंतरात सुमारे १०.४ टक्क्यांचा फरक.

भाकिते कोठे चुकली? त्यांनी प्रवेशाच्या इतिहासाला शरीराचा इतिहास समजले. १९६० ते १९९० या काळात स्त्रियांचे शरीर बदलले नव्हते. बदलली होती ती धावण्याची परवानगी. धरणाचे दरवाजे उघडल्यावर पहिल्या तासात पाणी ज्या वेगाने वाहते त्यावरून नदीचा प्रवाह मोजण्यासारखे ते गणित होते.

कॉम्रेड्सच्या नोंदी हे अधिक स्पष्ट करतात. १९२३ मधील तफावत ६७ टक्के भरते. पण तालीम, पाठबळ आणि परवानगी या तिन्हींपासून वंचित असलेल्या एकट्या स्त्रीची विजेत्याशी केलेली ती तुलना निरर्थक आहे. १९८९ मध्ये फ्रिथ व्हॅन डर मर्व्ह यांनी ५:५४:४३ अशी वेळ देऊन सर्व धावपटूंत पंधरावा क्रमांक पटकावला. विजेते सॅम त्शबालाला यांच्या ५:३५:५१ या वेळेशी तफावत केवळ ५.६ टक्के. २०२३ मध्ये गेर्डा स्टेन यांनी ५:४४:५४ असा नवा विक्रम केला. तरी टेटे डिजाना यांच्या ५:१३:५८ या वेळेमुळे तफावत पुन्हा ९.९ टक्क्यांवर गेली. म्हणजे स्त्रीची कामगिरी सुधारूनही तफावत वाढली! टक्केवारी ही दोन व्यक्तींच्या त्या दिवसाच्या धावेवर अवलंबून असते, हे विसरल्यास १९८९ चा आकडा सिद्धान्त वाटू लागतो.

शरीरशास्त्राचे म्हणणे येथे थोडक्यात नोंदविणे पुरेसे आहे. प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता व हिमोग्लोबिन यांत पुरुषांना लाभ आहे आणि तो कोणत्याही अंतरात पूर्णतः नाहीसा होत नाही. उलट समान तीव्रतेच्या श्रमात स्त्रियांचे शरीर मेदाचा वापर अधिक करते आणि शर्यतीच्या उत्तरार्धात त्यांची गती तुलनेने कमी घसरते. शंभर-दोनशे किलोमीटरच्या पुढे झोप, पचन, पायांची निगा, वाट शोधणे यांचे महत्त्व वाढते आणि तेथे एखादी स्त्री सर्वांच्या पुढे जाऊ शकते. २००२ व २००३ मध्ये पॅम रीड यांनी डेथ व्हॅलीतील २१७ किलोमीटरची बॅडवॉटर शर्यत स्त्री-पुरुष सर्वांत प्रथम येऊन जिंकली. जानेवारी २०१९ मध्ये जास्मिन पॅरिस यांनी ब्रिटनमधील सुमारे ४३१ किलोमीटरची स्पाइन रेस ८३ तास १२ मिनिटांत जिंकली. त्या वेळी त्यांचे मूल अंगावर पीत होते व वाटेतील थांब्यांवर त्या दूध काढून ठेवीत होत्या. शर्यत पूर्ण करणारा पहिला पुरुष त्यांच्यानंतर सुमारे पंधरा तासांनी पोहोचला.

महाराष्ट्राचा पडताळा

जानेवारी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये परभणीच्या ज्योती गवते भारतीय महिलांत प्रथम आल्या. त्यांची वेळ होती २ तास ५० मिनिटे ५३ सेकंद. चौगुले यांच्या १९२० मधील वेळेपेक्षा ती आठ सेकंदांनी अधिक आहे. अँटवर्पचा मार्ग लांब असल्याने चौगुले यांची गती प्रत्यक्षात दर किलोमीटरला तीन-साडेतीन सेकंदांनी सरस होती. सत्त्याण्णव वर्षांच्या अंतराने मराठी मुलखातील एक पुरुष आणि एक स्त्री जवळजवळ एकाच जागी उभे दिसतात.

हा केवळ योगायोग असला तरी त्याच दिवसाचे इतर आकडे योगायोग म्हणून सोडून देता येत नाहीत. भारतीय पुरुषांत प्रथम आलेले खेता राम यांची वेळ २:१९:५१ होती. तफावत २२ टक्के, म्हणजे जागतिक पातळीवरील तफावतीच्या दुपटीहून अधिक. भारतीय स्त्रीचे शरीर इतर स्त्रियांहून इतके निराळे असते असे कोणी म्हणणार नाही. उत्तर दुसऱ्या क्रमांकात सापडते. पुरुषांत दुसरा धावपटू पहिल्याच्या मागे अवघे सहा सेकंद होता. स्त्रियांत दुसरी धावपटू ३:०८:४१ वेळेत, म्हणजे जवळजवळ अठरा मिनिटांनी आली. पुरुषांची शर्यत ही शर्यत होती. ज्योती गवते यांना मात्र बराच काळ एकटीनेच, घड्याळाशी झुंजावे लागले असणार. राष्ट्रीय उच्चांकांतही हेच दिसते : शिवनाथ सिंग यांची १९७८ मधील २:१२:०० ही वेळ आणि ओ. पी. जैशा यांची २०१५ मधील २:३४:४३ ही वेळ यांत १७ टक्क्यांची तफावत आहे.

धावपटू घडविणाऱ्या संस्था कोणासाठी खुल्या होत्या, हेही पाहावे लागते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातील मांडवा या दुष्काळी गावचे अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि लष्करातूनच धावण्याकडे वळले. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:११.२० वेळेसह रौप्यपदक मिळविले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही या तितक्याच कोरड्या गावच्या ललिता बाबर त्याच शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. ललिता बाबर यांना आधार मिळाला तो रेल्वेचा. ज्या पायदळ रेजिमेंटने साबळे यांना घडविले तिच्या शिपाईभरतीची वाट त्यांना उपलब्ध नव्हती. पुरुषांच्या ३००० मीटर स्टीपलचेसला ऑलिंपिकमध्ये १९२० पासून स्थान आहे, स्त्रियांच्या त्याच शर्यतीला २००८ पासून.

अतिदीर्घ अंतराचा खेळ भारतात अद्याप नवा आहे. २०२२ मध्ये बंगळुरूच्या कांतीरवा क्रीडांगणावर झालेल्या २४ तासांच्या आशिया-ओशनिया अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय पुरुष संघाला सुवर्ण आणि महिला संघाला रौप्यपदक मिळाले. चालण्याची परंपरा मात्र येथे नवी नाही. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चालणाऱ्या वारकरी स्त्रीला 'तुला हे झेपणार नाही' असे कोणत्याही फडाने सांगितल्याचे ऐकिवात नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या टंचाईच्या दिवसांत घागरी-हंडे वाहणाऱ्यांत बाया आणि मुलीच अधिक होत्या. अर्थात या कष्टांना तालमीचे गौरवपर नाव देणे अनुचित होय. तालमीला आहार लागतो, विश्रांती लागते आणि स्वतःचा असा वेळ लागतो. पाणी भरणारीच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. तिने अंतर कापले, पण ते कोणी मोजले नाही.

जागतिक क्रॉसकंट्री अजिंक्यपद स्पर्धेत २०१५ पर्यंत पुरुष १२ आणि स्त्रिया ८ किलोमीटर धावत. २०१७ च्या कंपाला येथील स्पर्धेपासून दोघांसाठी १० किलोमीटर हे एकच अंतर ठरले. आज नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या चार जिल्ह्यांत मोडणाऱ्या भागासाठी १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. या चार जिल्ह्यांतील आंतरमहाविद्यालयीन दीर्घ अंतराच्या शर्यतींचा इतिहास लिहावयाचा झाल्यास विजेतीच्या वेळेआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतील : त्या वर्षी मुलींसाठी अंतर किती ठेवले होते, किती जणी आरंभरेषेवर उभ्या होत्या, आणि पहिली व दुसरी यांच्यात किती मिनिटे गेली.