बॉस्टन ब्रुइन्स

अमेरिकेच्या मॅसॅचूसेट्स राज्यातील व्यावसायिक आइस हॉकी संघ. स्थापना १ नोव्हेंबर १९२४. तोवर केवळ कॅनडातील संघांच्या असलेल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झालेला हा पहिला अमेरिकी संघ. किराणा दुकानांच्या साखळीचे मालक चार्ल्स अ‍ॅडम्स यांनी तो उभारला आणि आपल्या दुकानांचेच तपकिरी व पिवळे रंग त्याला दिले. व्यवस्थापक व प्रशिक्षक म्हणून त्यांनी कॅनडाचे माजी खेळाडू आर्ट रॉस यांना आणले. ही निवड अ‍ॅडम्स यांच्या पैशाहूनही मोलाची ठरली.

१ डिसेंबर १९२४ रोजी बॉस्टन अरीनामध्ये तितक्याच नवख्या माँट्रिऑल मरून्सला २–१ असे हरवून सुरुवात झाली खरी; पण पुढचे सलग ११ सामने संघाने गमावले. हंगामातील ३० सामन्यांत अवघे ६ विजय मिळाले व तळाचे स्थान वाट्याला आले. तरीही अ‍ॅडम्स डगमगले नाहीत. १९२६ मध्ये पश्चिम कॅनडातील व्यावसायिक लीग मोडली, तेव्हा त्यांनी तिचे अनेक खेळाडू विकत घेतले. त्यांतील बचावपटू एडी शोर याच्या आक्रमक खेळाने संघाचे रूपच पालटले. १९२८ मध्ये बॉस्टन गार्डन हे नवे क्रीडागृह मिळाले. १९२९ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सचा पराभव करून संघाने पहिला स्टॅन्ली चषक जिंकला.